सर्वांत जवळचं घर

घासूनपुसून लख्ख केलेली काचेची बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथी दिसली आणि खाणीच्या सल्लागाराने दारातच कपाळावर हात मारून घेतला.

"ही कुणी धुतली?"

"मी," लेक म्हणाली. "मागच्या अंगणात लोखंडी तिवईवर होती. आत निळसर गढूळ पाणी, वर एक मेलेला पतंग. म्हटलं, डासांची पैदास नको."

"ताई, तो महिन्याभराचा धुरळा होता."

लेकीने बरणीकडे पाहिलं. बरणी इतकी स्वच्छ होती की तिच्यातून मागची टेकडी स्पष्ट दिसत होती.

बाबा जाऊन दीड महिना झाला होता. लेक शहरातल्या एका ग्रंथालयात कामाला होती. सुट्टीच्या दिवशी यायची आणि घर आवरायची. पण आवरायचं म्हणजे बाबांचं कपाट उघडायचं, आणि ते काही हातून होत नव्हतं. मग ती भांडी घासायची, जाळ्या काढायची, खिडक्यांच्या काचा पुसायची. अशाच एका सुट्टीत बरणीची पाळी आली होती.

सल्लागार खुर्चीवर बसला आणि शाळेत समजावतात तसं समजावू लागला. खाणीला पर्यावरण खात्याकडून मिळालेली मंजुरी लवकरच संपणार होती. ती पुढे चालू ठेवायची तर खाणीची धूळ, आवाज आणि हादरा शेजारपाजारच्यांना किती पोहोचतो हे मोजून द्यावं लागतं. धूळ मोजायची ती अशी. बरणीत थोडं पाणी घालायचं, शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं आणि बरणी महिनाभर उघड्यावर ठेवायची. मग पाणी गाळून जे खाली उरेल ते तोलायचं. पाणी निळं होतं ते मोरचुदामुळे.

"मी काकांना बजावून सांगितलं होतं, घरी सांगून ठेवा म्हणून."

काका त्याच्या मागूनच आत आले होते. "सांगितलं होतंस," ते म्हणाले. "पण घरी म्हणजे कुणाला सांगणार?"

हा प्रश्न तोवर कुणालाच पडला नव्हता.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ आणि खाणीतले भागीदार. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच शब्द: आटपा. चहा पिणाऱ्याला आटपा, दगडावर तार ओढणाऱ्याला आटपा, जिभेला हाड नसलेल्या न्हाव्यालाही गालावर साबण असतानाच आटपा. त्यामुळे खाणीवर सगळे त्यांना पाठीमागे आटपाशेठ म्हणत, आणि पगाराच्या दिवशी तोंडावरही.

"झालं ते बरंच झालं म्हणायचं," आटपाशेठ म्हणाले. "घर तर रिकामंच आहे. मग बरणी इथे हवीच कशाला?"

सल्लागाराने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचं कपाळमोक्षाचं दुःख हळूहळू मावळलं.

"तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "खरंच आहे. नियम सर्वांत जवळच्या वस्तीच्या घराचा आहे. वस्तीच्या. म्हणजे जिथे माणूस झोपतो, उठतो, स्वयंपाक करतो. रिकाम्या घराला कान नसतात, नाक नसतं. ते मोजणीत धरत नाहीत."

"मग पुढचं घर कुठलं?"

"अंडीवालीचं. टेकडीच्या पलीकडे."

"ते तर चांगलंच लांब आहे."

"लांब आहे म्हणूनच सांगतोय. सगळी मोजमापं तिथे घ्यायची. सुरुंगात आता भरता त्याच्या तिप्पट दारू भरली तरी तिथे हादरा मर्यादेत बसेल. आणि काका, मग तुमचं खडीयंत्रसुद्धा बसेल."

खडीयंत्र हे आटपाशेठचं जुनं स्वप्न. खाणीत ग्रॅनाइटचे चौकोनी ठोकळे कापले जात. हिऱ्याचे दाणे ओवलेली तार तासन्‌तास दगडावरून फिरत राही, आणि मग अगदी थोडी दारू घालून ठोकळा मूळ कड्यापासून सुटा करत. दहा दगड काढावेत तेव्हा दोन विकण्याजोगे निघत, बाकीचा ढीग. त्या ढिगाची खडी करायची, जोडीला कडाही दणादण उडवायचा आणि रस्त्यांच्या ठेकेदारांना गाड्या भरभरून द्यायच्या. बाबा असेपर्यंत हे होणं शक्य नव्हतं. बाबांचं घर मध्ये होतं.

आणि ते चुकून मध्ये आलेलं नव्हतं.

लेक शाळेत होती तेव्हाची गोष्ट. खाणीला पहिली मंजुरी मिळायची होती आणि गावात जनसुनावणी भरली होती. बाबा आकडे घेऊन उभे होते: हादरा इतका, आवाज तितका, सगळं मर्यादेत. मागून एक तरुण बाई उठली. तिने नुकतंच कोंबड्यांचं काम सुरू केलं होतं, अंडी उबवायची पेटी घेतली होती. ती म्हणाली, "साहेब, पेटीतली अंडी जराशी हलली तरी पिल्लू धरत नाही. तुमचे आकडे खरे असतील. पण तुम्ही राहता कुठे?" बाबा म्हणाले, गावात. "मग तुम्हाला आकडे कळणार, हादरा कळणार नाही," असं म्हणून ती खाली बसली.

बाबा घरी आले, जेवले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "आपण घर बांधतोय."

"कुठे?"

"खाणीच्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर."

आईने आठवडाभर अबोला धरला. मग एके सकाळी चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, "स्वयंपाकघर कुठल्या बाजूला ठेवणार आहात?" खाणीच्या बाजूला, हे बाबांचं उत्तर. आणि तसंच बांधलं. गावाने त्यांना वेड्यात काढलं. खाणमालक म्हटला की तो खाणीपासून जितका दूर राहील तितका मोठा, अशी रीत. हा एकटा उलट्या पायांनी चाललेला. त्यावर बाबांचं म्हणणं एवढंच होतं की ज्याने आवाज करायचा त्यानेच तो आधी ऐकायचा.

तेव्हापासून प्रत्येक मोजणी त्या घरात झाली, आणि त्या घरात जो हादरा मर्यादेत बसे तो टेकडीपलीकडे कुणाला जाणवतही नसे. आई त्याच घरात गेली. बाबाही तिथेच.

आता ते घर रिकामं होतं, आणि रिकामं आहे म्हणणं हे काही खोटं नव्हतं. लेकीला हेच बोचलं. काका खोटं बोलत असते तर भांडता आलं असतं.

"पुन्हा महिनाभर बरणी ठेवली तर?" तिने विचारलं.

"तर नव्या मंजुरीच्या सुनावणीआधी आकडा मिळेल," सल्लागार म्हणाला. "पण घरात माणूस हवा. मनात असेल तर तशी सोय होऊ शकते. दोरीवर दोन कपडे टाकायचे, दारात चपला ठेवायच्या. खात्याच्या बाई अर्धा तास थांबतात."

"तसलं नको."

"लोक करतात, ताई."

"करत असतील." लेकीने बरणी उचलून सुलटी केली. "मी राहते."

आटपाशेठ हसले. "तू? अगं, पुस्तकाचं पान जोरात उलटलं तर दचकणारी तू. पहिल्या सुरुंगाला बॅग भरशील."

"भरली तर तुम्हीच पोचवायला या."

बाबांचा वाटा आता तिच्या नावावर होता. अर्जावर दोघांच्या सह्या लागणार होत्या, त्यामुळे काकांना फार ताणता येईना. सल्लागाराने बरणीत पाणी भरलं, मोरचूद टाकलं आणि ती तिवईवर नेऊन ठेवली. जाताना बोट दाखवून म्हणाला, "हिला आता आंघोळ घालू नका."

ग्रंथालयातल्या मुख्य बाईंनी रजा दिली, पण कारण ऐकून चष्मा काढून पुसला. "धूळ गोळा करायला रजा? इथे काय कमी आहे?"

पहिल्या सुरुंगाच्या वेळी लेक स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. भोंगा झाला, मग पुन्हा झाला. मग काहीच नाही, इतका वेळ काहीच नाही की तिला वाटलं रद्द झाला. आणि मग जमिनीतून काहीतरी आलं. आवाज नंतर आला. आधी तळपायाखालून एक लाट गेली, जणू घराखालून कुणी मोठं जनावर कूस बदलून पुन्हा झोपलं. ताटलीतल्या चमच्याने किण्‌ केलं. बस, एवढंच. शेगडीवरचं दूध उतूसुद्धा गेलं नाही.

लहानपणी ती याच ठिकाणी गृहपाठ करायची तेव्हा असं काही जाणवल्याचं तिला आठवेना. मग आठवलं ते वेगळंच. सुरुंगाच्या वेळी बाबा खाणीवरून घरी येत, दाराशी बूट काढत आणि अनवाणी उभे राहत. ती समजायची, आईची फरशी खराब होऊ नये म्हणून. आई कोपऱ्यातल्या हादरा मोजायच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणायची, "ते आहे ना मोजायला?" बाबा म्हणायचे, "ते मोजतं. मी ऐकतो." लेकीने हातातली सुरी खाली ठेवली, चपला काढल्या आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. फरशी गार होती. दुसरा सुरुंग त्या दिवशी नव्हता.

सुरुंग असेल त्या दिवशी खाणीचा सुरुंगवाला सकाळी फोन करून वेळ सांगायचा. बाबांच्या वयाचा, त्यांच्यापेक्षाही कमी बोलणारा माणूस.

"ताई, आज साडेअकरा."

"किती दारू?"

"नेहमीइतकीच." मग थोडं थांबून, "तुम्ही झोपला असाल तर उशिरा ठेवतो."

"साडेअकराला कोण झोपतं?"

"साहेब पण हेच म्हणायचे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आटपाशेठ एक दिवसाआड येत. आले की खुर्ची उलटी करून बसत आणि खडीयंत्राचं पुराण लावत. कुठल्या रस्त्याला किती खडी लागणार, कुणी किती गाड्या मागितल्या, पलीकडच्या डोंगरातल्या खाणवाल्याने बंगला कसा बांधला.

"कुठे बांधला?" लेकीने विचारलं.

"शहरात."

"हं."

"हं काय? तुझा बाप पण असाच हं करायचा आणि माझं तोंड बंद व्हायचं. तुला म्हणून सांगतो, माझा भाऊ देवमाणूस होता, पण देवमाणसाबरोबर धंदा करणं म्हणजे काय असतं ते मला विचार. आम्ही ठोकळे कापत राहिलो आणि लोकांनी डोंगर विकून खाल्ले."

यात खोटं काहीच नव्हतं. लेकीने चहा पुढे केला.

त्या दिवशी सुरुंगाला उशीर झाला होता. काका बोलण्याच्या नादात वेळ विसरले. भोंगा झाला तसे ते उठायला लागले. "मी कड्यावर जातो."

"आता कुठे जाताय, भोंगा झाला. बसा."

ते बसले. खाणीच्या या सगळ्या वर्षांत सुरुंगाच्या वेळी ते कायम वरच्या कड्यावर असत, माणसं मागे हटवत, शिट्टी फुंकत, आटपा आटपा करत. या घरात बसून त्यांनी एकही सुरुंग ऐकला नव्हता. लाट आली. कपातला चहा गोल गोल हलला. आटपाशेठनी दोन्ही हातांनी टेबल धरलं, आणि लाट निघून गेली तरी ते धरूनच राहिले.

"हे एवढं रोज?" ते म्हणाले.

"रोज नाही. आणि हे कमीच आहे."

"म्हणजे तिप्पट दारू घातली तर..."

काकांनी चहा अर्धा टाकला आणि आटपा न म्हणता निघून गेले.

अंडीवाली एका दुपारी आली. डोक्यावरचे केस पांढरे झालेले, हातात टोपली. दारातूनच तिने आत नजर फिरवली. ओट्यावर पातेलं, दांडीवर ओला टॉवेल, पलंगावर उघडं पुस्तक.

"म्हणजे खरंच राहतेस," ती म्हणाली.

"खरंच म्हणजे?"

"गावात म्हणतात, नाटक आहे. महिना काढेल, कागद झाला की कुलूप लावेल."

"बसा ना, मावशी."

"बसत नाही. कोंबड्या उघड्या टाकून आलेय." असं म्हणून ती बसली. "मी तुझ्या बापाशी फार भांडलेय. माझ्या एका वाक्यावर माणसाने घर बांधलं. मला वाटलं होतं, चिडेल, दोन शब्द सुनावेल, जाईल. हा विटा घेऊन आला. पुढे कधी आमच्याकडे चार अंडी वाया गेली तरी मी यायचे, म्हणायचे, तुमच्या सुरुंगाने. तो ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, बाई, कालपासून खाण बंद आहे, माझ्या मेव्हण्याचं लग्न आहे."

लेक हसली. हे तिला माहीत नव्हतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, मग लग्नाच्या बँडने झालं असेल." अंडीवालीने टोपलीतली सहा अंडी काढून ओट्यावर ठेवली. "एक सांग. कागद झाल्यावर तू जाणार ना?"

लेकीच्या मनात उत्तरं पुष्कळ होती. त्यातली गोड कुठली आणि खरी कुठली हेही तिला ठाऊक होतं.

"शनिवार-रविवार येईन. सुट्ट्यांना येईन. बाकी दिवस नोकरी आहे."

"बाकी दिवसांत सुरुंग लागत नाहीत का?"

"लागतात."

"मग?"

"मग काय ते मला अजून सुचलेलं नाही, मावशी."

अंडीवालीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बापासारखीच आहेस. खोटं बोलून वेळ मारून नेणं तुमच्या घरात कुणाला शिकवलंच नाही वाटतं." हे कौतुक होतं की तक्रार, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. उठताना तिने एक अंडं परत टोपलीत टाकलं. "पाचच ठेवते. सहावं तू कायमची राहशील तेव्हा."

महिना भरला. सल्लागाराने बरणी दोन्ही हातांनी, पाळण्यातल्या मुलासारखी उचलून नेली. धुळीचा आकडा मर्यादेत आला, चांगलाच आत आला. त्यानंतर पर्यावरण खात्याच्या अधिकारी बाई न सांगता पाहणीला आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी कपडे पाहिले नाहीत, चपला पाहिल्या नाहीत. सरळ जाऊन न्हाणीघरातला नळ सोडला आणि पहिल्या धारेकडे पाहत राहिल्या. पाणी स्वच्छ आलं. मग साबणाला बोट लावून पाहिलं.

"रिकाम्या घराचा नळ लाल पाण्याने बोलतो," त्या म्हणाल्या. "आणि कोरड्या साबणाला तडे असतात. तुम्ही राहता."

"सध्या राहते," लेक म्हणाली.

बाईंनी तो पहिला शब्दही लिहून घेतला.

सुनावणी सार्वजनिक सभागृहात होती. खुर्च्या कमी, माणसं जास्त, पंखे होते पण त्यांचं वारं फक्त व्यासपीठाला. सल्लागाराने आकडे वाचले. कुणी पाण्याचं विचारलं, कुणी गाड्यांच्या वेळा विचारल्या, एकाने आपल्या मुलाला खाणीवर लावून घ्या म्हणून अर्ज दिला आणि तो इथे चालत नाही हे त्याला पटवायला वेळ गेला. मग अधिकारी बाईंनी चष्मा सारखा केला.

"सर्वांत जवळचं घर. आज तिथे कुणीतरी राहतं हे मी पाहिलं आहे. पण मंजुरी एका महिन्याची नसते. पुढे तिथे कोण राहणार?"

लेक उभी राहिली. पहिल्या रांगेत अंडीवाली होती, तिच्या शेजारची खुर्ची पिशवीने अडवलेली. लेकीने तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या मनात आलं, 'मी राहणार' एवढे दोनच शब्द पुरतील. कुणी रोज येऊन नळ उघडून पाहणार नाही.

"शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांना मी राहीन," ती म्हणाली. "इतर दिवशी मी शहरात नोकरी करते. त्या दिवसांचं उत्तर माझ्याकडे नाही. नसताना आहे म्हणून लिहून देणार नाही. हे घर माझ्या वडिलांनी मोजणीत धरलं जावं म्हणूनच बांधलं होतं."

सभागृहात कुजबूज झाली. सल्लागाराने डोळे मिटून घेतले.

"तुमचं उत्तर प्रामाणिक आहे," अधिकारी बाई म्हणाल्या, "पण त्याने अडचण सुटत नाही. आठवड्यातले बहुतेक दिवस रिकामं असलेलं घर मला वस्तीचं धरता येणार नाही. तसं असेल तर पुढचं घर धरावं लागेल, आणि मर्यादाही तिथल्या."

म्हणजे हरलो, लेकीच्या मनात आलं. तिने खुर्चीची पाठ धरली. अंडीवालीने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मागच्या रांगेतून न्हाव्याचा आवाज आला. "आटपाशेठ, तुमची तर चंगळ झाली की. थोरल्याने गावासाठी स्वतःचं घर पुढे केलं. तुम्ही भावाची पोर पुढे केलीत, आणि मागून खडीयंत्र."

लोक हसले. हसू वाईट नव्हतं, पण ते पसरत पसरत व्यासपीठापर्यंत गेलं. आटपाशेठ भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी गळ्याचं बटण उघडलं.

"लिहा, बाई," ते म्हणाले. "सोमवार ते शुक्रवार मी."

"तुम्ही काय?"

"मी राहणार. त्या घरात. झोपणार, उठणार, चहा करणार. जे काय माणूस करतो ते सगळं."

एक क्षण कुणालाच कळलं नाही की हे थट्टेत आहे की खरं. सल्लागार त्यांच्या कानाशी लागला, "काका, मग खडीयंत्र गेलं."

"गेलं तर गेलं," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्या स्वयंपाकघरात बसून चहा पिऊन ये एकदा, मग मला तिप्पट दारू शिकव."

"आणि तुमचं घोरणं हादऱ्यात धरायचं का?" न्हाव्याने विचारलं.

"तुझी जीभ धरतात का कशात? मग."

अंडीवाली उभी राहिली. "वहिनींना विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? सांगितलं की झालं."

"अहो, मी इथेच बसलेय," तिसऱ्या रांगेतून काकू म्हणाल्या. सगळं सभागृह मागे वळलं. काकू उठल्या नाहीत, पदर सावरून बसल्या जागेवरूनच बोलल्या. "मी तिकडे जाणार नाही. पण आठवड्याचे पाच दिवस मला माझं घर मोकळं मिळणार असेल, तर माझी हरकत नाही. हेही लिहून घ्या."

"हरकत नाही, अशी नोंद घेते," अधिकारी बाई म्हणाल्या आणि खरोखरच लिहिलं. त्यांना हसू आवरत नव्हतं, तरी पेन थांबलं नाही.

लेक अजून उभीच होती. काकांकडे पाहताना तिला वाटलं, हे खाली बसतील, म्हणतील, असंच म्हटलं होतं. पण ते बसले नाहीत. कान लाल, मान ताठ, हात मागे बांधलेले. या माणसाला भावाची सावली म्हणून लोकांनी आयुष्यभर पाहिलं होतं, तिनेही पाहिलं होतं. आज त्यांच्या पाठीशी फक्त भिंत होती आणि ते कुणाचीही सावली नव्हते. तिचा ऊर भरून आला. बाबांसाठी येई तसा, पण हा वेगळा होता. हा या जिवंत, उतावळ्या, बटण उघड्या माणसासाठी होता.

मंजुरी जुन्याच मर्यादांवर आली. तिच्यात एक नवी अट घातलेली होती, ती अंडीवालीने सुचवलेली: सर्वांत जवळच्या घरात अर्जदारांच्या कुटुंबातलं माणूस राहील, आणि ते तिथे राहायचं थांबलं तर खाणही थांबेल. सल्लागार म्हणाला, अशी अट त्याने त्याच्या आयुष्यात पाहिली नाही. काकांनी सही केली आणि लेकीपुढे पेन धरलं. "आटप," ते म्हणाले.

आटपाशेठ एका रविवारी गादी, रेडिओ आणि काकूंनी दिलेली तीन पानी सूचनांची यादी घेऊन आले. लेकीने बाबांचं कपाट त्यांच्यासाठी रिकामं करून ठेवलं होतं. एकेक सदरा घडी करून तिने खोक्यात भरला होता, आणि ते काम जसं वाटलं होतं तसंच अवघड गेलं होतं, पण झालं होतं. काकांनी कपाटाचं दार उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. "माझे कपडे खुर्चीवर राहतात," ते म्हणाले. "सवय आहे." मग बऱ्याच वेळाने उठून त्यांनी एकच कोट आत नेऊन टांगला.

सोमवारी दुपारी लेक ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती, तेव्हा सुरुंगवाल्याचा फोन आला. तक्रार घेऊन त्याने याआधी कधी फोन केला नव्हता.

"ताई, काकांना जरा समजवा."

"का, काय झालं?"

"आज नेहमीपेक्षा जराशी जास्त दारू होती. मर्यादेतच, अगदी आत. यंत्रावर ठीक आलं. पण सुरुंगाचा धुरळा बसला नाही तोच माणूस खाली धावत आला, पायात चप्पल नाही, अंगात नुसता गंजीफ्रॉक. म्हणतो, हे काय चालवलंय, घरात माणूस राहतो. मी म्हटलं, शेठ, पूर्वी तुम्हीच तर म्हणायचात, घाला अजून. तर म्हणाले, पूर्वी मी कड्यावर होतो." सुरुंगवाल्याने श्वास घेतला. "साहेब परवडले होते, ताई. आता मी काय करू?"

लेकीने हातातला शिक्का खाली ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "दारू कमी करा."